‘मर’ म्हणजे झाड: सीमाभागातल्या घरात मूल वाचायला शिकतं तेव्हा

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला माझी भाची दप्तर घेऊन आमच्या कट्ट्यावर येऊन बसते. पोर दुसरीत आहे. शाळा कन्नड माध्यमाची, घर मराठी, आणि शिवाय इंग्रजीचं एक पुस्तक. परवा ती कन्नडचं पुस्तक उघडून, शब्दाखाली बोट धरून वाचत होती. एका शब्दावर थांबली, चित्राकडे बघितलं, परत शब्दाकडे बघितलं आणि मला विचारलं, “मावशी, कोण मरतंय गे? चित्रात तर झाड आहे.”

शब्द होता ‘मर’. कन्नडमध्ये मर म्हणजे झाड. तिनं दोन्ही अक्षरं बरोबर ओळखली होती. पण उच्चार मराठीसारखा केला, शेवटच्या ‘र’मधला अ गिळून टाकला, आणि अर्थही मराठीचाच लागला. मग तो अर्थ चित्राशी जुळेना म्हणून ती थांबली.

पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर माझी वीस वर्षं गेली. पालक येऊन सांगतात, “पोरगं वाचतच नाही बघा.” अशा वेळी मला हा ‘मर’ आठवतो. दोन अक्षरांच्या एवढ्याशा शब्दात त्या पोरीनं किती कामं केली! आकार ओळखला, आकाराला आवाज जोडला, आवाजाचा शब्द केला, शब्दाचा अर्थ लावला, अर्थ चित्राशी ताडून बघितला, आणि चूक आहे हे स्वतःच ओळखलं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मुलांना हे सगळं दोन लिप्यांत करावं लागतं, इंग्रजी धरली तर तीन. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानुसार शाळा कुठल्याही माध्यमाची असो, पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकवावीच लागते. सीमाप्रश्नाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. पण सहा वर्षांच्या पोराच्या पाठीवरचं ओझं ओळखून त्याला हात द्यायचा, तर आधी वाचन म्हणजे नेमकं काय होतं ते कळायला हवं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघा संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक अगदी साधं गणित मांडलं. अक्षरांवरून शब्द ओळखता येणं हा एक भाग, ऐकलेली भाषा समजणं हा दुसरा, आणि वाचून समजणं म्हणजे या दोहोंचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार. एका बाजूला शून्य असलं की दुसरी बाजू कितीही मोठी असो, उत्तर शून्यच.

हे मी घरातच बघितलेलं आहे. मी कन्नड लिपी शिकले तेव्हा दोन महिन्यांत खडेबाजारातल्या सगळ्या पाट्या धडाधड वाचायला लागले होते. अर्थ निम्म्यांचाही लागत नव्हता. म्हणजे पहिली बाजू भक्कम, दुसरी लंगडी. माझ्या आईचं उलटं. तिला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली तर रात्र पुरत नाही. गोष्ट सांगताना ती अशा जागी थांबते की पोरं श्वास रोखून बसतात. भाषेची बाजू काठोकाठ भरलेली, अक्षरांची रिकामी.

शाळा बहुतेक वेळ पहिल्या बाजूवर घालवते: अक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं. दुसरी बाजू घरात भरते, तीही मूल शाळेत जायच्या कितीतरी आधीपासून. आणि ती भरते घरच्या भाषेतून. म्हणून मला एका गोष्टीचा फार राग येतो. आमच्या भागातल्या एका शाळेत पालकसभेत सांगितलं गेलं, “घरी मराठी बंद करा, इंग्रजीत बोला, म्हणजे मूल पुढे जाईल.” त्या सभेतली एक आई तेव्हापासून मुलाशी ‘कम’, ‘सीट’, ‘इट फास्ट’ एवढंच बोलायला लागली. तेवढंच तिला येत होतं. धुणं वाळत घालताना तीच आई मराठीत काय काय बोलली असती! पीळ, झटक, निथळू दे, उन्हात टाक, दमट राहिलं की कुबट वास येतो, आभाळ भरून आलंय, पळ, काढ लवकर. पाण्याचं काय होतं, ऊन काय करतं, कशामुळे काय घडतं, हे सगळं त्या बोलण्यात आलं असतं. त्या मुलाचं इंग्रजी तर वाढलं नाहीच, आणि वर दिवसाचे हजारो मराठी शब्द त्याच्या कानावर पडायचे थांबले.

‘निथळणं’ म्हणजे काय हे ज्याला मराठीत कळलंय त्याला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत फक्त नवीन शब्द शिकायचा असतो. ज्याला ते कुठल्याच भाषेत कळलेलं नाही त्याला शब्दही शिकायचा आणि गोष्टही. म्हणून भरभरून, पूर्ण वाक्यांत बोला, ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि लाड करता त्याच भाषेत. खानापूरकडच्या काही घरांत ती कोकणी असेल, काही घरांत मराठी-कन्नड मिसळलेली असेल. चालेल. ती भरलेली असावी, एवढंच.

आता अक्षरांची बाजू. इथं घरचे लोक पाटी-पेन्सिल घेऊन घाईनं बसतात, पण अक्षराच्या आधी आवाज येतो. बोलण्याचे तुकडे पडतात हे मुलाच्या कानाला कळलं नसेल तर अक्षर त्याच्यासाठी नुसती नक्षी असते.

टाळ्यांचा खेळ घ्या. बटाटा: ब-टा-टा, तीन टाळ्या. मामा: दोन. मग विचारा, ‘घर’ला किती? बहुतेक मुलं एकच टाळी वाजवतात आणि मोठी माणसं लगेच म्हणतात, “चुकलं, दोन.” मुलाचं चुकलेलं नसतं. बोलताना आपण ‘घर’ एका झटक्यात म्हणतो, ‘र’मधला अ आपण उच्चारतच नाही. कानाला एकच तुकडा ऐकू येतो, कागदावर मात्र दोन अक्षरं असतात. ‘कमळ’ कानाला दोन तुकडे, कागदावर तीन अक्षरं. ‘खटपट’ कानाला दोन, कागदावर चार. मराठी वाचायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाची गाडी इथं अडते. मूल क… म… ळ… असं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतं, तिन्ही जोडतं, आणि तयार होतो ‘कमळअ’ असा कधीच न ऐकलेला शब्द. मग ते आपल्या तोंडाकडे बघतं.

अशा वेळी “नीट वाच” म्हणून काही होत नाही. मी सांगते, “शेवटच्या अक्षराचा अ गिळून परत म्हण. ओळखीचं वाटतंय का?” पोरं दोन-तीनदा पुटपुटतात आणि मग चेहरा उजळतो: “कमळ!” पण हा उजेड कधी पडतो? तो शब्द आधीपासून त्यांच्या कानात असेल तेव्हाच. गुणाकार म्हटलं तो असा.

आता ‘मर’ची गंमत लक्षात येईल. कन्नडमध्ये हा अ गिळत नाहीत. लिहिलं तेवढं सगळं उच्चारतात. आपण ‘कन्नड’ हा शब्द ‘ड’ तोडून म्हणतो, कन्नड माणूस शेवटचा अ स्पष्ट म्हणतो. म्हणून कन्नडमध्ये अक्षरं आणि टाळ्या जुळतात, मराठीत दर वेळी जुळत नाहीत. मुलाला हे एकदा सरळ सांगून टाकावं: “कन्नड वाचताना सगळं म्हणायचं, मराठी वाचताना शेवटचा अ गिळायचा.” सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. खेळातले नियम त्याला आपल्यापेक्षा चांगले कळतात.

टाळ्या जमल्या की अक्षर फोडायचं. ‘की’मध्ये क आहे आणि ई आहे, हे बाराखडी घोकून कळत नाही. पुष्कळ मुलं क का कि की गाण्यासारखं म्हणतात, आणि मधलंच ‘कू’ दाखवलं की परत ‘क’पासून सुरू करतात. त्यांना चाल पाठ झालेली असते. यासाठी आमच्याकडे एक खेळ चालतो. आज ‘ई’चा दिवस: मामाचा मीमी, काकाचा कीकी, बाबाचा बीबी. उद्या ‘ऊ’चा: मूमू, कूकू, बूबू. पोरं हसून लोळतात, आणि हसता हसता स्वर बदलला की अक्षर बदलतं हे त्यांच्या जिभेला कळतं. मग कागदावरची वेलांटी, उकार हे त्याच बदलाचं चिन्ह म्हणून समोर येतात.

हे तत्त्व कळणं का गरजेचं आहे ते आकड्यांवरून बघा. मराठीत व्यंजनं ३४ धरली आणि बाराखडीची १२ रूपं, तर ४०८ अक्षरं झाली, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीला २६, लहान-मोठी धरून ५२. चारशे आकार पाठ करणं हे मुलाचं काम नव्हेच. चौतीस आकार आणि डझनभर खुणा कळल्या की बाकीचे त्याला स्वतः तयार करता येतात. तरीही वेळ लागतोच. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवलं, की अशा लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, तिसरी-चौथीपर्यंत हे काम चालू राहतं. इंग्रजीची अक्षरं मात्र मुलं पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच ओळखायला लागतात. तेव्हा पहिलीच्या दिवाळीत पोराला जोडाक्षर येत नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

सुरुवातही क ख ग घ या क्रमानं करायची गरज नाही. क्रम शब्दकोशाला लागतो. म, र, क, न, ब, ल ही सहा अक्षरं आणि एक काना एवढ्यातून बघा किती शब्द निघतात: नाक, कान, मान, काम, काल, माल, लाल, बाक, मका, कमान, मामा, काका, बाबा, नाना. पहिल्या आठवड्यात मूल ‘कान’ वाचून स्वतःचा कान धरतं, आणि अक्षरांतून काहीतरी निघतं हे त्याला पटतं. ‘ख’ला खटारा आणि ‘ङ’ला काहीच नाही, या रस्त्यानं गेलं तर ते पटायला सहा महिने लागतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व हे एकमेकांसारखे दिसणारे आकार मात्र एकाच आठवड्यात घेऊ नका. एक घट्ट बसू दे, मग दुसरा. कार्डं करायला जुन्या लग्नपत्रिका उत्तम. मागची बाजू कोरी असते, जाड असते, आणि दर मे महिन्यात घरात ढीग पडतो.

देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच पोटातल्या. दोन्हींत वर्णमालेचा क्रम तोच, व्यंजनात अ आधीपासून असतो तोही नियम एकच, आणि आपल्या बाराखडीला तिकडं ‘कागुणित’ म्हणतात. त्यामुळे एका लिपीत तत्त्व कळलं की दुसऱ्या लिपीत फक्त आकार शिकायचे राहतात. हे मी दर वर्षी बघते. पहिल्या लिपीला वर्ष लागलं तर दुसरी काही महिन्यांत येते.

पण अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ‘पुस्तक’ हाच शब्द घ्या, तो दोन्ही भाषांत आहे. मराठीत आपण स अर्धा करतो आणि त पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये स पूर्ण लिहून त्याच्या पायाशी छोटा त लावतात. मराठी शिकलेलं मूल कन्नडमधला तो पूर्ण स बघून ‘पुस’ म्हणतं आणि खालचा त विसरतं. पुढं ‘क’ मराठीत तुटतो, कन्नडमध्ये पूर्ण राहतो. एका शब्दात दोन अडथळे. ‘कर्नाटक’ घ्या, दर बसवर लिहिलेलं असतं. र चा उच्चार ‘ना’च्या आधी, पण मराठीत त्याची खूण ‘ना’च्या डोक्यावर बसते आणि कन्नडमध्ये ‘ना’च्या पुढे. मराठीतली पहिली वेलांटी तर आणखी फसवी. ‘कि’मध्ये आवाज नंतर येतो आणि खूण आधी. कन्नडमध्ये ती अक्षराच्या माथ्यालाच जोडलेली असते, म्हणून कन्नडकडून मराठीकडे येणारी मुलं ‘दिवा’ लिहिताना वेलांटी द च्या पुढे देतात. हा आळस नव्हे.

कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यांची अक्षरं वेगळी. ‘ओंदु’ म्हणजे एक, इथला ओ आखूड. ‘ओदु’ म्हणजे वाच, इथला लांब. मराठीत आपल्याला एकच ओ असल्यामुळे घरी शिकवणाऱ्याच्या कानालाही हा फरक येत नाही. इथं शेजारच्या कन्नड काकूंना हाक मारा. त्या दोन मिनिटांत म्हणून दाखवतील.

उलट, मराठीतल्या च आणि ज या अक्षरांना दोन-दोन आवाज आहेत, आणि लिहिताना फरक दिसत नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च तोंडानं म्हणून बघा. ‘जेवण’ आणि ‘जाळं’. कन्नडमध्ये शिकणारं मूल ‘चाक’ला ‘चार’चा च लावतं. रागावू नका. परत म्हणायला लावा आणि ओळखीचा शब्द सापडू दे.

दोन लिप्या एकदम सुरू कराव्यात का? शाळेनं एकदम सुरू केल्या तर आपला इलाज नाही. पण घरी मी तरी एकीवरच भर देते, शाळेत रोज जी लागते तिच्यावर. दुसऱ्या भाषेत तोवर गोष्टी वाचून दाखवायच्या, पाट्या दाखवायच्या, वहीचं काम नाही. पहिल्या लिपीत मूल साधे शब्द न थांबता वाचायला लागलं की दुसरी हातात द्यायची. दोन्हींच्या वह्यांना वेगळ्या रंगाची कव्हरं घाला, आणि वाचायच्या आधी तोंडानं म्हणायला लावा, “आता कन्नड” किंवा “आता मराठी”. माझी भाची आता नवीन पान उघडलं की स्वतःच म्हणते.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते: वाचून दाखवणं. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. मूल मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांना दिसेल असं, बोट ओळीखाली. मध्ये मध्ये थांबायचं, पण परीक्षा घ्यायला नाही. “हा कोण?” “हे काय?” या प्रश्नांची उत्तरं एका शब्दाची असतात, बोलणं तिथंच संपतं. “आता हा काय करील असं वाटतंय?” “तू असतास तर?” “आपल्या परड्यात असं झालं होतं ते आठवतंय का?” असं विचारलं की मूल बोलायला लागतं, आणि गोष्टीतलं कारण आणि परिणाम स्वतः जोडतं. पुस्तक संपल्यावर “आता तू मला सांग” म्हणा. एकच पुस्तक मूल वीस वेळा मागेल. द्या. पाचव्या वेळी त्याला ओळी पाठ असतात, दहाव्या वेळी पाठ असलेला शब्द आणि छापलेला शब्द हे दोन्ही एकमेकांना भेटतात.

इथं आमच्या बोलीचा एक प्रश्न येतो आणि तो फार चुकीचा सोडवला जातो. पुस्तकात छापलेलं असतं, “तू काय करतो आहेस?” आमचं पोर त्यावर बोट ठेवून वाचतं, “तू काय करालास?” घरचे ओरडतात, “लिहिलंय तसं वाच!” पण बघा तरी काय झालं. पोरानं अक्षरं वाचली, अर्थ लावला, आणि तो अर्थ आपल्या भाषेत तोंडातून बाहेर आला. ज्याला अर्थ लागला नाही ते मूल ‘क-र-तो-आ-हे-स’ असं तुकड्या-तुकड्यांत वाचतं आणि अगदी बरोबर वाचतं. पहिल्या मुलाची वाचनाची गाडी जास्त पुढे गेलेली आहे. त्याला म्हणावं, “बरोबर. आपण असंच बोलतो. पुस्तकात कसं लिहिलंय ते आता बघू.” दोन्ही भाषा त्याच्या. ‘करालास’ बोललं म्हणून ज्याला चारदा हटकलं ते पोर पाचव्या वेळी तोंडच उघडत नाही.

मूल स्वतः वाचत असताना अडलं, तर लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. पुष्कळदा चारवर येतं. नाहीच आलं तर पहिलं अक्षर म्हणून द्या, नाहीतर वाक्य परत पहिल्यापासून वाचायला लावा. तरीही नाही, तर शब्द सांगून पुढे चला. एका ओळीत तीन-चार शब्द अडत असतील तर ते पुस्तक आज त्याच्यासाठी जड आहे. ते तुम्ही वाचून दाखवा, त्याला सोपं द्या.

पुस्तकं नाहीत हे कारण मला आता फारसं पटत नाही. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे. मोबाइलवर चित्रांसकट शेकडो गोष्टी फुकट, पातळीनुसार लावलेल्या, मराठीत, कन्नडमध्ये आणि कोकणीतही. एकच गोष्ट आज मराठीत आणि आठवड्यानं कन्नडमध्ये वाचता येते. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे कन्नड वाचणाऱ्या मुलाचं निम्मं काम हलकं झालेलं असतं. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकंही इंटरनेटवर मिळतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे, तिथं मुलाला एकदा घेऊन जा. आणि कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना जाता ना? तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर पोराच्या हातात पन्नास रुपये द्या आणि त्याला स्वतः निवडू द्या. त्यानं निवडलेलं पुस्तक तुम्हाला सुमार वाटलं तरी तेच घ्या.

एरवी गावभर वाचायला पडलेलंच आहे. बसची पाटी कन्नडमध्ये येते तेव्हा “कुठली रे गाडी?” असं विचारा. घरी येणाऱ्या ‘तरुण भारत’च्या मथळ्यात आपल्या गावाचं नाव शोधायला लावा. बाजाराची यादी मुलाला लिहू द्या. ‘साकर’, ‘शेगदाने’ असं लिहील. त्यावर लाल पेन चालवू नका. शब्दातले आवाज सुटे करून प्रत्येकाला अक्षर शोधणं हे वाचनाच्याच कामाचं उलटं टोक आहे. दुकानदाराला ती यादी वाचता आली आणि पिशवीत साखर आली, यातून मुलाला जे कळतं ते शुद्धलेखनाच्या वहीतून कळत नाही. शुद्ध रूप पुढं पुस्तकांतून दिसत राहतं.

इंग्रजीचं थोडक्यात सांगते. तिथं अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज वेगळा असतो. ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ ऐकूच येत नाही. म्हणून ए-बी-सी-डी म्हणता येणं आणि वाचता येणं यांचा फार संबंध नाही. अक्षर दाखवून त्याचा आवाज शिकवा. आणि ज्यानं मराठीत किंवा कन्नडमध्ये ‘आवाज जोडला की शब्द होतो’ हे ओळखलंय, त्याला इंग्रजीत ते पुन्हा शोधावं लागत नाही.

काळजी कधी करायची? अक्षर उलटं काढणं, ६ आणि ९ ची अदलाबदल, हे सातव्या वर्षापर्यंत पुष्कळ मुलं करतात. पण दुसरी संपत आली, रोज सराव आहे, आणि तरीही अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही, यमक ऐकू येत नाही, काल पक्कं झालेलं आज पूर्ण पुसलेलं असतं, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वर्गात मागं बसणाऱ्या कितीतरी मुलांना फळाच दिसत नसतो. ते ठीक असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. वाचनदोष, म्हणजे डिस्लेक्सिया, याचा बुद्धीशी संबंध नाही, आणि मारानं तो जात नाही. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे शाळेकडून सवलत मागता येते. दोन लिप्या शिकल्यामुळे डिस्लेक्सिया होतो असं मात्र नाही. तशी भीती घालणारे भेटतील.

राहिला एक प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारीचा आवाज त्या वेळी खाली गेलेला असतो: “मला स्वतःलाच वाचायला येत नाही. मी काय करू?”

याचं उत्तर मी आमच्या कट्ट्यावर बघते. माझी भाची वाचत असते तेव्हा माझी आई शेजारी शेंगा फोडत बसलेली असते. तिला एक अक्षर येत नाही. पण परवा पोरीनं मराठी गोष्टीत घाईघाईनं वाचलं, “म्हातारीनं चुलीवर भाट ठेवला.” आईचा हात थांबला. “चुलीवर भाट कसा ठेवील गे? परत बघ.” पोरीनं बोट मागं नेलं, ओळ परत वाचली. “भात गे आज्जी, भात.”

“मग असं म्हण की,” असं म्हणून आई पुढची शेंग फोडायला लागली, आणि पोरगी पुढच्या ओळीवर गेली.